आगंतुकांची जनगणना

शहरातले हौशी लोक काचेच्या टाकीत समुद्र थाटतात. नवं प्रवाळ घरी आलं, की दगडाच्या फटीतून काय काय डोकावतं: केसाळ अळी, खेकड्याचं पोर, नाहीतर आयप्टेशिया नावाचं तपकिरी समुद्रफूल. मग भिंग निघतं, 'हा कोण?' म्हणून फोटो फिरतात. आयप्टेशिया खरवडावं, तर पायाचा कपचा राहतो अन् त्यातून दुसरं उगवतं. आगंतुकाची एवढी चौकशी. प्रवाळ स्वतः कुठून आलं, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्याकडे ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत!

रिसोड तालुक्यातल्या केनवडला समुद्र नाही, पण आगंतुक बांधावरच भेटतो. गाजरगवत. मूळचं अमेरिका खंडातलं, 1950च्या दशकात पुण्यात दिसलं. ठपका बसला आयात गव्हावर. एकेक झाड हजारो बिया टाकतं, उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते. ओळख पटवायला भिंग लागत नाही. ते खाण्यासाठी 1980च्या दशकात मेक्सिकोचा भुंगा देशात रीतसर बोलावला. पाहुणा पावसाळ्यात पानं खातो आणि कोरड्या दिवसांत मातीत जाऊन झोपतो. गवताला अशी रजा ठाऊक नाही. थोडी ओल मिळाली की पुन्हा हजर.

दर ऑगस्टात गाजरगवत जागृती सप्ताह असतो. फलक लागतो, फोटो निघतो. फलकामागची पांढरी फुलं फोटोत छान येतात.