नेच्याचं पान आणि आमचं खानदान

सुट्टीत पोरांना चार गोष्टी कळाव्यात म्हणून आम्ही सहकुटुंब निसर्गातल्या फ्रॅक्टल आकारांचं प्रदर्शन पाहायला गेलो. नेच्याच्या पानात तसंच छोटं पान, त्यात आणखी छोटं. फ्लॉवरचा तुरा मोडला तर तोही अख्ख्या गड्ड्यासारखाच. बेन्वा मँडेलब्रॉ या गणितज्ञाने १९७५ मध्ये याला ‘फ्रॅक्टल’ असं नाव दिलं. आमच्या मातोश्री चाळीस वर्षं फ्लॉवर चिरतायत. त्यांनी नाव वगैरे दिलं नाही, फक्त अळ्या शोधल्या.

पुढे समुद्रकिनाऱ्याचा तक्ता होता. मोजणी जितकी बारीक, तितका किनारा लांब, कारण प्रत्येक वळणाच्या पोटात आणखी वळणं. भारताचा किनारा सरकारदरबारी ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ वर गेला, तो मुख्यतः अशाच बारीक मोजणीने. ना भूसंपादन, ना मोबदला, ना मोर्चा! एवढ्या गुण्यागोविंदाने झालेला विस्तार दुसरा नसेल. ‘सुपर बिल्टअप’वाल्या बिल्डरांना मात्र हे गणित उपजतच येतं.

इतक्यात धाकटीने काचेला बोट लावलं. थोरला तिच्यावर खेकसला, ‘हात लावू नकोस!’ मी त्याच्यावर खेकसलो, ‘तिच्यावर ओरडू नकोस!’ मातोश्री माझ्यावर, ‘पोराला बोलू नकोस!’ आणि बाबा मातोश्रींवर, ‘चारचौघांत आवाज नको!’

आकार चार, नमुना एकच. तिकिटाचे पैसे खरं तर आम्हालाच मिळायला हवे होते.