तीन तिघाडा, वायफाय बिघाडा

गेल्या रविवारपर्यंत माझा लॅपटॉप बरा चालला होता. रविवारी तो सुधारला.

सुधारायची गरज मला नव्हती. पण पंधरा दिवस पडद्याच्या कोपऱ्यातून एक चौकट डोकावत होती, 'नवी आवृत्ती तयार आहे, घेता का?' लग्नाच्या पंगतीत आग्रहाला निघालेल्या व्याह्यांसारखी. तीनदा पानावर हात आडवा धरला, चौथ्यांदा जिलबी पडलीच. मग दोन तास पडद्यावर इंग्रजी ओळी धो धो वाहत होत्या. लॅपटॉप उठला तो मागे नवं चित्र लावून, गोल गोल चिन्हं मिरवत. आणि वायफाय गेलं.

'गेलं' म्हणणंही बरोबर नाही. गेलं असतं तर सुतक पाळून मोकळा झालो असतो. हे सात मिनिटं असायचं, तीन मिनिटं नसायचं. त्यातून खोडी अशी की नसतानाही कोपऱ्यातला पंखा सगळ्या रेघांनिशी भरलेला दिसायचा. खिडकी उघडी, साहेब खुर्चीवर, पंखा चालू, पण कागद काही पुढे सरकत नाही.

आता हा लॅपटॉप २०१७ चा. माझ्या हिशेबाने कालचा, कंपन्यांच्या हिशेबाने पेशवाईतला. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर ठरलेल्या यादीतला लागतो. माझा त्या यादीत नाही. जाता जाता नाशिककरांनी लक्षात ठेवावा असा एक योग सांगतो. विंडोज १० जगात आलं २९ जुलै २०१५ ला, आणि त्याच्या पंधराच दिवस आधी, १४ जुलैला, रामकुंडावर सिंहस्थाचा ध्वज चढला होता. त्याच वर्षी त्या कंपनीच्या एका माणसाने भर सभेत सांगितलं होतं की ही शेवटची विंडोज. सिंहस्थ निदान बारा वर्षांनी परत येणार, असं सांगून तरी जातो.

तर यादीबाहेर पडलेल्या या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्सच्या घराण्यातली एक प्रणाली चढवून दिली. फुकट. हा शब्द ऐकून आमचे अण्णा पहिल्यांदाच संगणकाकडे मायेने बघायला लागले.

अण्णांबद्दल सांगायलाच हवं, कारण प्रकरण शेवटी त्यांच्यापाशीच येतं. आम्ही जेल रोडला राहतो, म्हणजे नाशिकरोडला. (इथला माणूस अजून 'नाशिकला जाऊन येतो' म्हणून घराबाहेर पडतो.) अण्णा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ पासून जिथे नोटा छापतात, तिथे या माणसाने आयुष्य काढलं. आणि घरात? कोणी खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की मागे बटणाचा 'टक्' ऐकू येतो. रात्री साडेदहाला राउटरचाही 'टक्' होतो. त्याचा हिशेब त्यांच्याकडे तयार असतो. राउटर दहा वॅटचा, रात्रीचे नऊ तास, म्हणजे महिन्याला पावणेतीन युनिटं. 'झोपेत कोणाला लागतं रे इंटरनेट?' या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलेलं नाही.

वायफाय अडखळायला लागल्यावर पहिला संशय अर्थातच रस्त्यावर गेला. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचा ध्वज चढायचा, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. शहर सुधारायला काढलंय. माझ्या लॅपटॉपसारखंच. ज्यांच्याकडून जोडणी घेतली आहे त्यांना फोन लावला.

"भाऊ, खोदकाम चालू आहे ना, केबल तुटली असंल."

"केबल तुटली तर सात मिनिटं चालतं कसं?"

थोडी शांतता. मग "आमच्याकडून ओके दाखवतंय."

या वाक्याला माझ्या माहितीत अजून कोणी उत्तर शोधलेलं नाही.

दुसरा संशय शेजारच्या मायक्रोवेव्हवर. हा दिसतो तितका वेडगळ नाही. मायक्रोवेव्हच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आणि जुन्या धाटणीचं वायफाय २.४ च्या पट्ट्यात, म्हणजे दोघं एकाच गल्लीत राहतात. ब्लूटूथही तिथेच. आपल्याकडे सरकारने २००५ च्या जानेवारीत हा पट्टा विनापरवाना खुला केला, आणि विनापरवाना जागेचं पुढे काय होतं ते रविवार कारंजावर गाडी लावायला गेलेल्याला सांगायला नको. त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे रस्ते जेमतेम तीन: एक, सहा आणि अकरा. आमच्या इमारतीत राउटर सतरा. त्यातले अकरा सहावर. मी तीन दिवस शेजारच्या काकूंच्या दुधाच्या वेळा टिपून ठेवल्या. दूध आणि वायफाय यांचा मेळ बसेना. काकूंना मात्र संशय आला.

मग वडीलधाऱ्यांचे उपाय झाले. बंद करून चालू कर. पिन काढून दहा आकडे मोज. राउटर उंचावर ठेव. ठेवला, तर देव्हाऱ्याशेजारी जागा मिळाली आणि संध्याकाळी आईने त्यालाही उदबत्ती ओवाळली. फरक शून्य. पण 'बंद करून चालू कर' या उपायाला हसू नये. दहापैकी सहा वेळा तोच लागू पडतो. उरलेल्या चार वेळांसाठी भाचा लागतो.

भाचा पाथर्डी फाट्यावरून आला. फी ठरलेली: काळ्या रश्शाची मिसळ, वर पापड आणि दही. आल्या आल्या त्याने लॅपटॉपला हातही लावला नाही. स्वतःचा फोन काढून आमच्याच वायफायवर एक व्हिडिओ दहा मिनिटं सलग चालवला. कुठेही अडखळला नाही.

"मामा, राउटर सुटला. रस्ता पण सुटला."

तीन दिवस मी काकूंच्या दुधावर पाळत ठेवून होतो आणि हे मला सुचलं नव्हतं.

मग त्याने केबल मागितली. अण्णांनी माळ्यावरून चिवड्याचा रिकामा डबा काढला, त्यातून एक निळी वायर निघाली. २००९ ची, रबरबँड लावून ठेवलेली. कधीतरी लागेल म्हणून. वायर राउटरमध्ये, दुसरं टोक लॅपटॉपमध्ये. इंटरनेट ठणठणीत. म्हणजे लॅपटॉपच्या बाकी पोटात काही नाही, दुखतंय ते फक्त वायफायच्या कार्डात, नाहीतर त्याला चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये.

पुढची युक्ती मला फार आवडली. लिनक्सचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. सुधारणा झाली की नवा कर्नल रुजू होतो, पण जुन्याला लगेच घराबाहेर काढत नाहीत. तो निवृत्त होऊन मागच्या खोलीत राहतो. देवळाली कॅम्प शेजारी असल्यामुळे निवृत्त कर्नल आम्हाला नवे नाहीत. हाक मारली की कडक इस्त्रीत हजर. लॅपटॉप सुरू होताना एक कळ दाबून धरायची, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जायचं आणि यादीतला जुना कर्नल निवडायचा. निवडला. अर्धा तास वायफाय हललं नाही.

"म्हणजे नव्याचा दोष," मी विजयी मुद्रेने म्हणालो. "मग आता हाच ठेव की कायमचा."

"ठेवता येईल. पण सुरक्षेची डागडुजी नव्यालाच मिळणार, मामा. जुन्याला काही महिन्यांनी विचारणार पण नाही कोणी."

अण्णा खुर्चीत थोडे हलले.

तर परत नवा कर्नल. आता भाच्याने काळी खिडकी उघडली आणि नोंदवही काढली. यंत्र स्वतःची रोजनिशी लिहितं हे मला माहीत नव्हतं. सेकंदासकट लिहितं. कोण आलं, कोण गेलं, का गेलं. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत इतकं खरं कोणी लिहीत नाही. तिच्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. 'डीऑथेंटिकेटिंग', मग राउटरचा लांबलचक पत्ता, मग 'बाय लोकल चॉइस', आणि कंसात 'रीझन: ३'.

बाय लोकल चॉइस! म्हणजे राउटरने हाकललं नव्हतं, काकूंच्या दुधाने धक्का दिला नव्हता, सिंहस्थाचा तर संबंधच नव्हता. आमचा लॅपटॉप स्वखुशीने घर सोडून जात होता. आणि कारण क्रमांक तीनचा अर्थ भाच्याने शोधून सांगितला: 'निघालो आहे'. का गेलास? गेलो म्हणून गेलो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आईबाप हे उत्तर ओळखतील.

"हा असा का वागतो?"

"वीज वाचवतो, मामा."

अण्णांनी पेपर खाली ठेवला.

प्रकार असा आहे. वायफायचं कार्ड सतत जागं राहिलं तर बॅटरी खातं. म्हणून काम नसेल तेव्हा ते राउटरला सांगून वामकुक्षी घेतं. कार्ड झोपलेलं असताना जे टपाल येईल ते राउटर स्वतःपाशी ठेवून घेतो आणि सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारा करतो, अमक्याचं पार्सल आहे, तमक्याचं पार्सल आहे. कार्डाने त्या पुकाऱ्यापुरता डोळा उघडायचा. आपलं नाव आलं तर उठून पार्सल घ्यायचं, नाहीतर कूस बदलायची. व्यवस्था सुंदर आहे. पण सगळ्यांनाच डुलकीतून वेळेवर उठता येतं असं नाही. सुधारणेत आलेला नवा ड्रायव्हर जेवून जरा जास्तच गाढ झोपत होता. दोन-चार पुकारे चुकले की त्याला वाटायचं राउटरच गेला, आणि मग हा घर सोडायचा. सात मिनिटांचं गणित एवढंच. मी काही वाचत बसलो की लॅपटॉपला वाटायचं मालक निवांत आहेत, आपणही टेकू जरा.

उपाय काय? चार-दोन शब्दांची एक फाइल. तीत लिहिलेलं 'वायफाय पॉवरसेव्ह = ३'. हा आकडा बदलायचा. शून्य म्हणजे जे नेहमीचं असेल ते, एक म्हणजे आहे त्याला हात लावू नका, दोन म्हणजे बचत बंद, तीन म्हणजे बचत चालू. बंदला दोन आणि चालूला तीन! हे ज्याने ठरवलं त्याने उमेदवारीच्या काळात कुठल्यातरी दाखल्याचा अर्ज नक्की तयार केलेला असणार. विंडोजवाल्यांना हेच वेगळ्या ठिकाणी सापडतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या कार्डावर जायचं, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला परवानगी द्या' असा चौकोन असतो, त्यातली बरोबरची खूण काढायची. ही परवानगी मी कधी दिली होती? पण सुधारणेच्या वेळी 'मान्य आहे' वर बोट मीच ठेवलं होतं, तेव्हा तेही गप गिळलं.

कारण क्रमांक तीन, पॉवरसेव्ह तीन, दिवसही तीन गेलेले. तीन तिघाडा काम बिघाडा ही म्हण करणाऱ्या बाईने नोंदवही वाचली असावी. भाच्याने तीनचा दोन केला, वायफाय बंद करून चालू केलं (शेवटी तेच!) आणि आम्ही मिसळ खायला निघालो. परत आलो तर जोडणी तशीच होती. दोन तास, एकदाही न सुटता. नोंदवहीत त्या ओळीचा मागमूस नव्हता.

अण्णा इतका वेळ काही बोलले नव्हते. मिसळीनंतरचा चहा झाल्यावर त्यांनी नातवाला जवळ बसवलं.

"मला नीट सांग. काम नसताना ते यंत्र आपलं आपण बंद होत होतं?"

"हो, आजोबा."

"कोणी न सांगता?"

"हो."

"आणि त्याने वीज वाचत होती."

"थोडीशी. एखादा वॅट, तोही नाही कदाचित."

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. गेली चाळीस वर्षं मी खोलीतून बाहेर पडताना बटण विसरतो. आता घरात एक वस्तू अशी निघाली होती जी विसरत नव्हती, आणि नेमकी तिचीच सवय मी माणूस बोलावून, मिसळ खाऊ घालून, मोडली होती. काही बोलतील असं वाटलं. ते उठले, जिना उतरणाऱ्या नातवाला दारातून हाक मारली आणि म्हणाले,

"अरे, तो आकडा कुठे असतो तेवढं मला लिहून दे. रात्री साडेदहाला परत तीन करत जाईन."