बुडबुडेभाऊजी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव गावोगावी पसरलेत आणि हायड्रिला त्यांत कुणाला न विचारता माजते. अशा जिल्ह्यात, खांब तलाव हाकेच्या अंतरावर असताना, आमच्या भाऊजींनी बैठकीत तीन फुटी काचेची टाकी मांडली आणि तिच्यात पाणवनस्पती लावल्या. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली.

"गॅस कमी पडून रायला," भाऊजींनी निदान केलं. तलावाच्या तळाला कुजका गाळ असतो, तोच कार्बन डायऑक्साइड पुरवतो. काचेतल्या पाण्याला फक्त हवेचा आधार, म्हणजे लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. भाऊजींना तीस हवे होते. दीडशे लिटरला हिशेब होतो साडेचार ग्रॅम. लिटरभर बाटलीबंद सोड्यात याहून जास्त असतो. त्या साडेचार ग्रॅमसाठी हा माणूस दोन वर्षं झटतो आहे.

सुरुवात साखर-यीस्टच्या बाटलीने झाली. वहिनींच्या डब्यातली साखर संपू लागली, आणि खिडकीतून आंबूस वास सुटला. मोहाच्या भट्टीचा वास ओळखायला भंडाऱ्याच्या नाकांना शिकवावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे निवृत्त मास्तर सहज म्हणून आले आणि बराच वेळ उठेचनात.

मग नागपूरहून सिलिंडर आला, नळी आली, चिनीमातीची चकती आली. चकतीतून रवाळ बुडबुडे निघायचे, सरळ वर जायचे नि फुटायचे. पाहुणे म्हणायचे, "काय सुंदर!" भाऊजींचा जीव जळायचा. "बुडबुडा दिसून रायला म्हणजे तो विरघळून नाही रायला, बावा!" ज्या गोष्टीकडे माणूस तासन्‌तास टक लावून बसतो, ती दिसूच नये अशी त्याची इच्छा असावी, असं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

बुडबुडा जितका बारीक आणि पाण्यात जितका जास्त वेळ, तितका तो विरघळतो. म्हणून भाऊजींनी एका उभ्या नळीत पाणी वरून खाली सोडलं. बुडबुडा वर जायला बघतो, पाणी त्याला खाली रेटतं. बिचारा मधेच लटकून झिजत झिजत नाहीसा होतो. (सरकारी कार्यालयात अर्जाचं हेच होतं, पण ते असो.) नळी चालली. मेच्या उकाड्यात मात्र पुन्हा गाडं अडलं. ते सोडवलं गोटीसोडावाल्याने. "गरम पाण्यात गॅस टिकते का भाऊ? म्हून तर आमी बर्फात ठेवतो." विल्यम हेन्रीने 1803 मध्ये दाबाचा नियम मांडला, तोही त्या माणसाला यंत्राचा दांडा फिरवून पाठ होता. त्या दिवसापासून वहिनींच्या फ्रीजमध्ये भाज्यांची जागा पाण्याच्या गोठलेल्या बाटल्यांनी घेतली.

टाकीत एक इवलासा काचेचा फुगा लटकतो. त्यातलं पाणी निळं, तर गॅस कमी. हिरवं, तर नेमका. पिवळं, तर माशांची धडगत नाही. हा फुगा खरं सांगतो, पण दोनेक तास उशिरा. भाऊजी बाहेरगावाहून फोन करतात तेव्हा आधी विचारतात, "रंग कोणता?" वहिनी स्वयंपाकघरातूनच "हिरवा" म्हणून ठोकून देतात.

परवा पहाटे वहिनींचाच फोन आला. धावत गेलो. रात्री व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, फुगा लिंबासारखा पिवळा, आणि सगळे मासे पृष्ठभागाशी तोंडं वर करून आ वासत होते. भाऊजी बनियनवर स्टुलावर उभे. हातात ताक घुसळायची रवी. गॅस उडून जाऊ नये म्हणून दोन वर्षं ज्या पाण्याला वरून हलू दिलं नव्हतं, तेच आता घामाघूम होऊन घुसळत होते.

"पाहून का रायले गा?" ते माझ्यावर खेकसले. "दुसरी रवी आन!"

वहिनींनी ती आधीच लपवली होती.