चादर अंथरायची की पांघरायची?

नान्नजच्या अभयारण्यात नशीब जोरावर असलं तर एखादवेळी माळढोक दिसतो. सोलापुरात वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला नोकरी दिसणं त्याहून अवघड. म्हणून बी.एस्सी. होऊन मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हिशेबाला लागलो. "का बे, झाडं सोडून आकडे मोजलालास?" मित्र नव्या पेठेत भर रस्त्यात विचारायचे. आई पाहुण्यांना सांगायची, "अकाउंट्सला आहे, सध्या." तिचं ते 'सध्या' अजून चालू आहे.

कारखान्याचे दिवाणजी जुने बी.कॉम. होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "झाडवाले, कापूस म्हणजे काय?"

"गॉसिपियम हिर्सुटम."

"छान. तो गोदामात आला, तर नावे की जमा?"

मी गप्प. "आलं ते नावे, गेलं ते जमा," त्यांनी मंत्र दिला. आमच्या घरात पगार आला की 'जमा झाला' म्हणून पेढे वाटतात. इथे तोच पैसा बँक खात्याच्या नावे पडतो. शास्त्र उलटं असलं तरी ताळेबंद जुळतो, एवढ्यावर मी ते मान्य केलं.

माझ्या पदवीचे दिवस 1 जुलै 2017 ला फिरले. जीएसटी आला आणि बिलावर मालाच्या वर्गीकरणाचा एचएसएन कोड आला. म्हणजे कुळ, प्रजाती, जाती, हेच की! टॉवेल बिनतक्रार 6302 मध्ये बसला. चादरीवर मात्र ऑफिसात दोन तट पडले. पांघरुणं 6301 मध्ये, अंथरुणाचे कपडे 6302 मध्ये. दिवाणजी म्हणाले, लोक चादर अंथरतात. शेठ म्हणाले, पांघरतात. हमालमामांना विचारलं, तर म्हणाले, "रात्री अंथरतो, पहाटे तीच ओढतो. मे महिन्यात दोन्ही नाही."

शेवटी मी तोंड उघडलं. वनस्पतीची जात माणूस तिचं काय करतो यावर ठरत नाही; नाहीतर कढीपत्ता 'ताटाबाहेर काढायची वनस्पती' ठरला असता. जाडी बघा, वीण बघा, सूत बघा. मी पांघरुणाच्या बाजूनं मत दिलं. तेव्हापासून दिवाणजी मला 'झाडवाले' ऐवजी 'साहेब' म्हणतात, निदान मार्च एंडला तरी.

तसं बघितलं तर दुहेरी नोंदीची पद्धत 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापून जगाला दिली ती लुका पाचोली या गणिती साधूनं. तोही बी.कॉम. नव्हता.

तेव्हा बी.एस्सी., बी.ए. वाल्यांनो, संकोच सोडा. सीएच्या इंटरमीजिएटला पदवीवरून थेट प्रवेश मिळतो. कॉमर्सवाल्यांना 55 टक्के लागतात, आपल्याला 60. वरचे 5 टक्के जीएसटी समजून भरून टाका.