हळकुंड मोडून बघा

वसमतच्या मार्केट यार्डात हळद घेणारा व्यापारी ढिगातलं हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच बोली लावतो. पोत्याच्या फोटोवरून भाव सांगणारा तिथं अजून जन्मायचाय. शिक्षण खात्यात तो केव्हाच जन्मला आणि बढतीही घेऊन बसला.

राज्याच्या शाळा गुणवत्ता मूल्यांकन आराखड्यात १२८ मानकं आहेत. हेतू चांगला. नुसत्या निकालावर शाळा तोलू नका. सुविधा बघा, समावेशन बघा, कारभार बघा. पण आधी तोलायचं कुणी? शाळेनंच! स्वतःला स्तर द्यायचा आणि पुराव्याची लिंक जोडायची. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी फोटो काढतात, दुसरे अपलोड करतात. वर्ग? तो फोटोत आहे की.

आता सेनगावकडं या. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. आईबाप कोयत्यावर, लेकरं पाचटात. परततात तेव्हा वार्षिक परीक्षा दारात. हजेरी घसरली, चाचणी घसरली, शाळा ‘मागास’. ज्या बाईंनी आजीची मनधरणी करून चार पोरं गावातच ठेवून घेतली, त्यांच्या पायपिटीला रकाना नाही. बाहेर जाणाऱ्या लेकरांना तिकडच्या शाळेनं घ्यावं म्हणून दिलेली शिक्षण हमी कार्ड किती वाटली हे विचारतात. त्यातल्या किती लेकरांना कारखान्याकडच्या शाळेनं खरोखर बाकावर बसवलं, हे कोण विचारतो? तिकडं शहरात शिकवणीवाल्यानं घडवलेली पोरं गुण आणतात आणि फ्लेक्स शाळा लावते.

‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणाचे लोक २००५पासून घरी जाऊन मुलापुढं दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. त्यांचा नमुना जिल्ह्याचा अंदाज देतो, एकेका शाळेचा नाही. पण रीत उचलण्यासारखी आहे. पोरगं जूनमध्ये कुठं होतं, एप्रिलमध्ये कुठं पोचलं, तेवढं अंतर शाळेच्या नावावर मांडा. हंगामात बाहेर गेलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

अर्थात, आपल्या लोकांची हुशारी मी जाणून आहे. प्रगती मोजणार म्हटलं की जूनचे गुण आपोआप पडतील. म्हणून दोन्ही चाचण्या परक्यांनी घ्याव्यात. कळमनुरीच्या गुरुजींनी औंढ्यात, औंढ्याच्यांनी वसमतला. प्रवासभत्ता तेवढा वेळेवर द्या, नाहीतर त्याची फाइल हलवणं हेच १२९वं मानक व्हायचं.