माया

साताऱ्याच्या मोती चौकालगतच्या एका बोळात ज्यांचे दुकान आहे आणि ज्यांनी गेली अठ्ठावीस वर्षे माझ्या विजारी शिवल्या, त्या शिंपीदादांना माझ्या देहाचा जितका साद्यंत इतिहास अवगत आहे तितका तो ना माझ्या शल्यविशारदांना अवगत आहे, ना माझ्या कुटुंबास. कारण जी गोष्ट आपण स्वतःशीदेखील कबूल केलेली नसते, ती हा मनुष्य चकार शब्द न काढता कमरेभोवती फीत फिरवून लाल बांधणीच्या वहीत टिपून ठेवतो. डिसेंबर २०१९ मध्ये मी सात विजारी काखोटीस मारून त्यांच्याकडे गेलो, त्या वेळी माझी कंबर बावन्न इंचांवरून अडतीस इंचांवर उतरली होती आणि आवाज मात्र त्याच प्रमाणात चढला होता. "जास्तीचं कापड कापून टाका," मी फर्मावले, "आता ते परत लागायचं नाही." शिंपीदादांनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, चष्म्यावरून मला एकवार न्याहाळले, आणि "बरं, भाऊसाहेब," एवढेच ते म्हणाले.

त्या 'बरं'चा अर्थ कळण्यास मला पुढे जवळजवळ सहा वर्षे लागली.

मी महसूल खात्यात तहसील कचेरीतला अव्वल कारकून. तीस वर्षे फेरफार, वहिवाट, हरकती आणि थकबाकी यांच्या सहवासात काढलेली असल्यामुळे, ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या एका रुग्णालयात माझ्यावर जी शस्त्रक्रिया झाली तिचे वर्णनही मला त्याच भाषेत सुचते. माझ्या जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा संपादन करण्यात आला. मोबदला मात्र सरकारी रिवाजाच्या नेमका उलट, म्हणजे ज्याची जमीन गेली त्यानेच, आणि तोही भविष्य निर्वाह निधीतून, भरला. उरली ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. ज्या पोटाने पूर्वी लग्नाच्या पंगतीत वाढप्यांचा धीर खचवला होता, त्या पोटाला आता अर्धी पोळी आणि दोन चमचे भाजी एवढ्यावर पूर्णविराम पडू लागला, आणि त्या अर्ध्या पोळीचाही प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा असल्यामुळे आमचे जेवण रवंथ करणाऱ्या एखाद्या सत्प्रवृत्त गाईस शोभेल अशा गांभीर्याने चालू लागले. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोक्यावरचे केस गळून उशीवर आले. तथापि वजन उतरत होते, आणि उतरत्या वजनाच्या माणसाला टकलाचे दुःख फारसे होत नाही. एकशे अठ्ठावीस किलोंवरून सोळा महिन्यांत मी चौऱ्याऐंशीवर आलो.

या काळात एक चमत्कार घडला होता, आणि त्याचा उलगडा न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला भूक लागत नव्हती. समोर पुरणपोळी असावी, तिच्यावर तुपाची धार पडत असावी, आणि आपण तिच्याकडे जुन्या गॅझेटकडे पाहावे तसे निर्विकार पाहावे, हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला वैराग्य म्हणजे काय ते कळावयाचे नाही. वस्तुतः या वैराग्याचे कारण अगदी ऐहिक होते. भूक चेतवणारा घ्रेलिन नावाचा एक अंतःस्राव आहे. १९९९ साली जपानी संशोधकांनी तो शोधून काढला. तो मुख्यत्वे जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतो, नेमका तोच भाग शल्यविशारदांनी माझ्या देहातून वजा केला होता. म्हणजे माझ्या ठायी जे प्रकट झाले होते ते मनोबल नसून एका कारखान्याची टाळेबंदी होती. हे मला ठाऊक होते. तरीही कचेरीच्या स्नेहसंमेलनात जेव्हा मला शाल-श्रीफळ देण्यात आले, तेव्हा मी सव्वीस मिनिटे मनोनिग्रहावर बोललो. गीतेच्या सहाव्या अध्यायाचा आधार दिला. जिभेला जिंकणाराच जग जिंकतो अशा अर्थाचे काहीतरी म्हणालो. आणि समोर बसलेल्या, पोटे सुटलेल्या तलाठी-मंडळींकडे मी ज्या करुणेने पाहिले ती करुणा आठवली की आजही माझे कान तापतात.

त्यानंतर ते उतरलेले वजन परत येऊ लागले. एकदम नव्हे, महिन्याकाठी पाव किलोच्या आसपास, म्हणजे इतक्या सभ्यपणे की हरकत घ्यावी कोणत्या दिवशी हेच समजू नये. करोनाची टाळेबंदी आली, ती उठली, २०२२ मध्ये मी सेवानिवृत्त झालो, आणि या सर्व सार्वजनिक व खाजगी उलथापालथीत माझ्या बांधावर कोणीतरी दर पावसाळ्यात एकेक फाळ आत सरकत होते.

प्रवेश कोठून होत होता, हे मी आता शपथेवर सांगू शकतो. अरुंद झालेल्या जठराचा न्याय मोठा विलक्षण असतो. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पनीर, असे जे काही सकस आणि भरीव असेल त्याला ते जुन्या जकात नाक्यावरील शिपायाप्रमाणे अडवते, उतरवून घेते, तपासते आणि अर्ध्या वाटेवरून परत पाठवण्याची धमकी देते; परंतु जे मऊ, गोड, स्निग्ध आणि निरुपयोगी असेल, ते मंत्र्याच्या मोटारीसारखे सलाम घेत निघून जाते. चहात बुडवलेली खारी त्याला दिसतच नाही. आमरसास ते पाणी समजते. आणि साताऱ्याचा कंदी पेढा! तो जिभेवर ठेवावा, टाळूशी हलकेच दाबावा, खरपूस भाजलेल्या खव्याचा तो किंचित दाणेदार चुरा विरघळू द्यावा. पोटाला पत्ता लागण्यापूर्वी दुसरा तोंडात असतो. भाकरीच्या तिसऱ्या घासाला ज्या छातीत कळ येत असे, त्याच छातीखालून संध्याकाळच्या फिरण्यात चार पेढे बिनबोभाट उतरून गेल्याचे जेव्हा माझ्या ध्यानात आले, तेव्हा मला कायद्यातील पळवाट सापडलेल्या पक्षकाराचा आनंद झाला. आणि शरमेची गोष्ट ही की तो आनंद बराच काळ टिकला.

घरात वजनाचा एक काटा होता. प्रथम मी त्यावर रोज उभा राहत असे. मग घड्याळ काढून. मग सदरा काढून. मग चष्मा काढला तर आकडा दिसेना आणि घातला तर चष्म्याचे वजन फुकट आपल्या माथी येणार, अशा पेचात काही आठवडे गेले. न्हाणीघराच्या उत्तर कोपऱ्यात तो तीनशे ग्रॅम कमी दाखवतो असा शोध लागल्यावर त्याचे ठाणे तेथे हलवण्यात आले. शेवटी तो पलंगाखाली गेला, आणि एके दिवशी कुटुंबाने त्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली आढळली. "अहो, तुम्ही नाहीतरी वापरत नाही," असे ती म्हणाली, आणि त्यात तिळमात्र उपरोध नव्हता, हेच अधिक लागले.

उपरोध बाहेर मुबलक मिळे. स्थूल मनुष्यास समाज क्षमा करतो. स्थूलाचा कृश झालेल्याचे कौतुकही करतो. परंतु जो पैसे भरून कृश झाला आणि पुन्हा भरू लागला, त्याच्याकडे समाज बुडालेल्या पतपेढीच्या ठेवीदाराकडे पाहावे तसे पाहतो. आमचे शेजारी निवृत्त गणितशिक्षक आहेत. ते एकदा जिन्यातच मला थांबवून म्हणाले, "पण भाऊसाहेब, पोट तर कापलं ना? मग हे राहतं कुठं?" प्रश्न शास्त्रीय होता आणि उत्तर माझ्यापाशी नव्हते. भाचीच्या लग्नात मी जिलबीस हात लावताच तीन पिढ्यांच्या नजरा माझ्या द्रोणावर स्थिरावल्या, आणि मागून कोणीतरी दबक्या आवाजात "ऑपरेशन करूनही?" असे म्हणाले. 'करूनही' या शब्दातला तो शेवटचा 'ही' मराठी भाषेतून हद्दपार करावा, असे माझे तेव्हापासून मत आहे.

वास्तविक देहाची बाजू कोणी ऐकून घेतलेलीच नसते. १९४८ च्या कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याचा हक्क मान्य केला, हे आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात; माझ्या कमरेवर जो मेद वीस वर्षे निर्वेध वहिवाट करीत होता त्याला जर मी एका सकाळी तीन तासांत बेदखल केले, तर तो दावा लावणार नाही काय? देह हा जुन्या दप्तराचा कारभारी आहे. वजन घटले की त्याला ती सुधारणा वाटत नाही, दुष्काळ वाटतो. मग तो खर्चात कपात करतो, लहान झालेल्या शरीराला हिशेबाने जेवढे लागावे त्याहूनही कमीत भागवू लागतो, भुकेच्या तगाद्याच्या नोटिसा वाढवतो, आणि हातात पडेल ते कोठारात टाकतो. चरकाने अतिस्थूलाचा विचार करताना मेदाने वाट अडलेला वायू कोठ्यातच फिरून अग्नी चेतवतो व त्या माणसाला पुनःपुन्हा अन्नाची इच्छा होते, असे सांगून ठेवले आहे. त्यालाही या प्राण्याची भूक हा केवळ हावरटपणा वाटला नव्हता, याचा मला आधार वाटतो. तरी चरकाने याच माणसाची गणना निंदित पुरुषांत केली आहे, हेही मी लपवीत नाही.

परंतु येथेच माझ्या कारकुनी सदसद्विवेकाची अडचण झाली. जमेची बाजू स्वतःच्या नावे आणि खर्चाची बाजू अंतःस्रावांच्या नावे, असा हिशेब कोणत्याही तपासनिसाने मंजूर केला नसता. चढलेले सतरा किलो जर देहाच्या खोडसाळपणाचे असतील, तर उतरलेले चव्वेचाळीसही शल्यविशारदांच्या हातचे होते, आणि ती शाल मी परत करावयास हवी होती. (नारळाचे खोबरे तेव्हाच संपले.) ही नोंद मनाशी दुरुस्त करण्यास मला फार वेळ लागला. तोवर मी पुण्यास तपासणीला जाणेच सोडले होते. वजन उतरत होते तेव्हा पहिल्या वर्षी चार वेळा गेलो, एकदा तर बोलावणे नसताना केवळ दर्शन देण्यासाठी गेलो. चढू लागल्यापासून मात्र ग्रामपंचायतीच्या निवडणुका, श्राद्ध, खंबाटकी घाटातील वाहतूक अशी कारणे मी सलग चार वर्षे सादर केली.

अखेर गेल्या श्रावणात गेलो. आहारतज्ज्ञ म्हणून जी मुलगी समोर बसली ती माझ्या धाकट्या लेकीहून लहान असावी. तिने अगोदरच दोन आठवड्यांच्या खाण्याची नोंद मागवली होती, ती मी आखीव रकान्यांत, सुवाच्य अक्षरात सादर केली. तिने ती शांतपणे चाळली.

"काका, हे छान लिहिलंय. फक्त रोज संध्याकाळी पाच ते सात 'निरंक' कसं काय?"

"त्या वेळी मी फिरायला जातो."

"कुठं?"

"राजपथावर."

"साताऱ्यालाच माझं आजोळ आहे, काका," ती म्हणाली, आणि निरंक खोडून तिने स्वतःच्या हाताने 'पेढे' असे लिहिले. पुढे संख्या लिहिण्यासाठी पेन टेकवून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

डॉक्टरांनी एक पांढरे द्रव्य पाजून क्ष-किरणांखाली ती नळी पाहिली. ती किंचित सैलावली होती, फार नव्हे. मी शिक्षेसाठी मान खाली घालून बसलो होतो. ते म्हणाले, "सतरा आले, ते दिसतंय. सत्तावीस अजून गेलेलेच आहेत, ते तुम्ही मोजलेच नाहीत." साखरेच्या चार गोळ्यांची एक झाली होती, गुडघे जिना चढत होते, रात्रीचे घोरणे शेजाऱ्यांनी विसरले होते, ही सर्व जमा मी बुडीत खाती टाकली होती. मग त्यांनी स्वीडनची हकीकत सांगितली. तेथे १९८७ पासून अशा शस्त्रक्रिया झालेल्या हजारो लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यांच्या शस्त्रक्रिया माझ्याहून निराळ्या. पण त्यांचेही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला गेले आणि मग हळूहळू काही अंशी वर आले. आतडी वळवलेल्यांचे दहा वर्षांनंतरही सरासरीने मूळ वजनाच्या पंचवीस टक्के उतरलेले होते, आणि एकूण गटात मृत्यूही कमी झाले. माझा हिशेब एकवीस टक्क्यांचा निघाला. आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाचे औषध आहे, दुसरी शस्त्रक्रियाही आहे; परंतु तूर्त प्रथिने आधी, हातात वजने, आणि दर तीन महिन्यांनी हजेरी. "वजन वाढलं असलं तरी यायचं," ते म्हणाले, "वाढलं असेल तर आधी यायचं."

परतल्यावर मी लोणच्याची बरणी हलवली. एकशे एक. चष्म्यासह.

नंतर त्या सात विजारींपैकी ज्या तीन अद्याप तग धरून होत्या त्या पिशवीत भरून मी बोळात गेलो. सहा वर्षांपूर्वीचे माझे फर्मान मला शब्दशः आठवत होते, आणि ते त्यांनाही आठवत असणार याबद्दल मला शंका नव्हती. फीत फिरली, वहीत चव्वेचाळीस हा आकडा पडला. "थोडी सैल होईल का?" मी विचारले, "म्हणजे, तुम्ही तर कापड कापलं असेल."

शिंपीदादांनी एक विजार उलटी केली, मागच्या शिवणीत नख घालून ती किंचित उसवली आणि दिव्याकडे धरली. आत, पट्टीसारखे घडी घालून, इस्त्री करून दाबलेले, ऊन न लागल्यामुळे बाहेरच्याहून गडद राहिलेले ते कापड जसेच्या तसे होते.

"सगळं कापलं नव्हतं, भाऊसाहेब. माया ठेवली होती." दोन बोटांनी त्यांनी ती मोजली. "सहा इंच निघतील. त्याच्यापुढं मात्र नवीन कापड आणावं लागेल."