कॉड कसा धरावा, आणि धरल्यावर त्याचं काय करावं

कॉड धरण्याचा सर्वोत्तम मुहूर्त म्हणजे १४९७ साल. त्या वर्षी जॉन कॅबटचं जहाज न्यूफाउंडलंडच्या बाजूला जाऊन आलं आणि तिकडच्या समुद्रात नुसती टोपली सोडली तरी माशांनी भरून वर येते, अशी बातमी युरोपभर झाली. ज्यांना हा मुहूर्त गैरसोयीचा आहे, त्यांनी पुढे वाचावं.

आधी नियम पाहावेत. जवळजवळ पाचशे वर्षं मासा उपसून झाल्यावर, २ जुलै १९९२ रोजी, कॅनडा सरकारने तिथल्या कॉडची व्यापारी मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची होती. ती उठली २०२४ मध्ये. (सरकारी दोन वर्षं म्हणजे किती, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.) घरी खाण्यापुरता मासा धरायला मात्र ठरावीक दिवस मिळतात: माणशी दिवसाला ५, आणि बोटीत तीन माणसं असोत की तेरा, बोटीला १५. म्हणून पाहुणेरावळे धक्क्यावरच बसवून ठेवावेत.

कौशल्य लागत नाही. दोराच्या टोकाला माशाच्या आकाराचं शिसं आणि त्याला दोन गळ. याला तिकडे जिगर म्हणतात. दुसरी कुठली जिगर लागत नाही, आमिषही नाही. शिसं तळाला टेकलं की वावभर वर घ्यावं आणि हात वरखाली करत राहावं. कॉड समोर येईल ते गिळतो, प्रसंगी स्वतःच्या जातीची पोरंसुद्धा. झुंज फारशी देत नाही. गावी सांगायची शौर्यकथा आपली आपणच रचावी.

परगावच्या माणसाने कॉडचं चुंबन घेऊन वर रमचा घोट घ्यावा, अशी तिथल्या दारूच्या गुत्त्यांत रीत आहे. मासा थंडगार असतो आणि त्याच्या हनुवटीवर एकच मिशी असते. याचं प्रमाणपत्रही मिळतं.

आता स्वयंपाक. खारवून सुकवलेला कॉड आणि हातोडीनेच फुटेल असा कडक पाव रात्री वेगवेगळ्या भांड्यांत भिजत घालावा. सकाळी खारं पाणी ओतून टाकून मासा ताज्या पाण्यात उकडावा, काटे काढावेत आणि गरम केलेल्या, निथळलेल्या पावात मिसळावा. इथवर पदार्थ दवाखान्यातला वाटेल. धीर सोडू नये. खारवलेल्या डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे कढईत टाकावेत. चरबी सुटते, तुकडे आक्रसून तांबूस होतात, तडतडायला लागतात. ते सुटलेल्या चरबीसकट वरून ओतावेत. घरातली माणसं हाक न मारता पानावर येतात. हळद, तिखट, कोकम मागू नये, मिरपूड मिळेल.

तशाच चरबीत कॉडच्या जिभा पिठात घोळवून तळतात. जीभ नुसती म्हणायला; खरं तर तो गळ्याचा लिबलिबीत तुकडा असतो. लहानपणी नाक दाबून ज्यांना कॉड लिव्हर ऑइल पाजलं गेलं, त्यांनी या जिभा सूड म्हणून दोनदा वाढून घ्याव्यात.